हिमाची साक्ष आणि संशयाचा लाभ

साहित्यसमीक्षेच्या प्रांतात अहवालांना सहसा प्रवेश नसतो. कथा-कादंबरीचे परीक्षण करावे, काव्यसंग्रहाचे गुणदोष सांगावेत, फार तर एखाद्या चरित्राची दखल घ्यावी. अहवाल मात्र कचेरीच्या कपाटात धूळ खात पडावेत, अशी आपली रीत आहे. ही रीत आम्हांस मान्य नाही. येत्या शतकात बंदरांचे धक्के आणि खाजनांचे बांध किती उंच असावेत, किनाऱ्यावरच्या गावांनी नांदावे की उठावे, हे ज्या गद्यावरून ठरणार आहे, ते गद्य कसे लिहिले आहे, त्यातील शब्दांना वजन किती आणि ते वाचकाला कोणत्या दिशेने नेतात, हे पाहणे समीक्षेचे काम नसेल तर मग ते कोणाचे?

म्हणून येथे आम्ही एका अहवालाचे परीक्षण योजिले आहे. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे वृत्तपत्रे ज्याला ‘आयपीसीसी’ या आद्याक्षरांनी ओळखतात त्या संस्थेने, ‘बदलत्या हवामानातील महासागर आणि हिमावरण’ या विषयावर एक विशेष अहवाल तयार केला. २४ सप्टेंबर २०१९ रोजी मोनाको येथे त्याला मंजुरी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी तो प्रकाशात आला. ३६ देशांतील १०४ लेखक व परीक्षण-संपादक, सुमारे ७,००० शोधनिबंधांचा आधार आणि मसुद्यांवर आलेल्या ३१,००० हून अधिक अभिप्रायांचा विचार, असा त्याचा व्याप आहे. लेखकांनी स्वतः नवे प्रयोग केलेले नाहीत. इतरांचे प्रयोग व नोंदी तपासल्या, परस्परविरोधी निष्कर्ष समोरासमोर ठेवले आणि कोणत्या विधानावर किती भरवसा ठेवावा ते सांगितले. आमच्या व्यवसायाच्या भाषेत बोलायचे तर हा पुरावा नव्हे, पुराव्याचे मूल्यमापन आहे. आणि त्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार वकिलाला असावा असे आम्हांस वाटते. अहवालानंतरच्या वर्षांत निसर्गाने आणखी पुरावा दाखल केला आहे, त्यामुळे ही परीक्षा आता अधिक नीट करता येते.

हिमावरण या शब्दात पृथ्वीवरचे सर्व गोठलेले पाणी येते: ध्रुवांवरच्या हिमचादरी, समुद्रावर धरणारा बर्फ, पर्वतांतील हिमनद्या आणि बारमाही गोठलेली जमीन. आम्ही मात्र दक्षिण गोलार्धापुरतेच बोलणार आहोत. पृथ्वीवरील बर्फाचा सुमारे नऊ-दशांश भाग एकट्या अंटार्क्टिकावर आहे; तो सारा वितळला तर जगातील समुद्र सुमारे ५८ मीटरांनी चढतील, इतके पाणी तेथे थिजून आहे. शिवाय गोमंतकाचे त्या खंडाशी नाते आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम निघाली ती गोव्याहूनच, आणि ९ जानेवारी १९८२ रोजी २१ जणांच्या त्या तुकडीने अंटार्क्टिकावर पाऊल ठेवले. आज राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र वास्कोच्या सड्यावर उभे आहे; मैत्री आणि भारती या दोन्ही तळांची व्यवस्था तेथूनच पाहिली जाते.

प्रथम साक्षीदाराची ओळख करून घेऊ. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात पडलेले हिम वितळत नाही. वर्षामागून वर्ष थर साचतात, खालचे थर वरच्या भाराने घट्ट होऊन त्यांचा बर्फ बनतो, आणि बनताना हिमकणांमधील हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने त्यात कोंडली जाते. देवस्थानच्या कीर्दीत जसे पानावर पान चढते तशीच ही निसर्गाची कीर्द आहे. येथे कारकून नाही आणि मागाहून केलेली खाडाखोडही नाही. फक्त अगदी तळची पाने इतकी दबलेली असतात की बोटभर जाडीत शतके सामावतात. १९६५ साली क्लोद लोरियस हे फ्रेंच हिमविज्ञानी तेथे मुक्कामास असताना, पेल्यात टाकलेल्या जुन्या बर्फातून बुडबुडे फुटत असल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले आणि ही कोंडलेली हवा म्हणजेच प्राचीन वातावरणाचा नमुना होय हे त्यांनी ओळखले. पुढे रशियाच्या वोस्तोक तळावर काढलेल्या बर्फाच्या दंडगोलाने ४,२०,००० वर्षांचा इतिहास दिला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. युरोपीय शास्त्रज्ञांनी ‘डोम सी’ या ठिकाणी ३,२७० मीटर खोल जाऊन तो ८ लाख वर्षांपर्यंत मागे नेला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच परिसरात २,८०० मीटरांवर खडक गाठला गेला आणि किमान १२ लाख वर्षांचा बर्फ हाती आला.

या साक्षीचे सार थोडक्यात सांगता येते. त्या ८ लाख वर्षांत हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायॉक्साइडचे भाग सुमारे १८० आणि ३०० यांच्या दरम्यान वरखाली होत राहिले. आज ते ४२० च्या वर आहेत. आपल्या न्यायशास्त्राच्या परिभाषेत, बुडबुड्यातील हवा मोजणे हे प्रत्यक्षाच्या निकटचे प्रमाण होय; त्या काळचे तापमान मात्र अनुमानाने काढावे लागते. बर्फातील पाण्याच्या जड व हलक्या अणूंचे परस्परप्रमाण थंडीप्रमाणे बदलते, ही तेथील व्याप्ती. धुरावरून अग्नी ओळखण्याची रीत तीच. उलटतपासणीही झाली आहे. थर पुरता घट्ट होईपर्यंत त्यातून हवा ये-जा करीत असल्यामुळे बुडबुडा हा भोवतालच्या बर्फाहून वयाने लहान असतो, आणि वोस्तोकसारख्या अल्प हिमवृष्टीच्या ठिकाणी हे अंतर हजारो वर्षांचे भरते. आधी तापमान चढले की आधी कार्बन वायू वाढला, हा वाद त्यातूनच उभा राहिला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की साक्षीतील हे वैगुण्य विरुद्ध पक्षाने शोधून काढलेले नाही. ते स्वतः शास्त्रज्ञांनीच सांगितले आणि त्याचा हिशेब जुळवण्यासाठी वर्षानुवर्षे काम केले. आपले दुबळे स्थान आपणहून दाखवणारा साक्षीदार न्यायालयात क्वचितच भेटतो.

हाच प्रामाणिकपणा अहवालाच्या भाषेत उतरला आहे, आणि ते त्याचे पहिले मोठे वाङ्मयीन वैशिष्ट्य होय. प्रत्येक महत्त्वाच्या विधानाच्या शेवटी भरवशाची एक पायरी नमूद केलेली असते. पुरावा किती आणि तज्ज्ञांचे मतैक्य किती, हे पाहून अत्यल्प, अल्प, मध्यम, उच्च आणि अत्युच्च अशा पाच पायऱ्या केल्या आहेत. जेथे आकड्यांनी बोलता येते तेथे शब्दांना ठरावीक मूल्ये आहेत: ‘संभवनीय’ म्हणजे शंभरांत किमान ६६ इतकी खात्री, ‘अत्यंत संभवनीय’ म्हणजे किमान ९०, ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे किमान ९९. विशेषणांची अशी काटेकोर मापे आम्हां वकिलांच्याही लेखनात आढळत नाहीत. ‘सबळ पुरावा’ या शब्दांचा अर्थ दोन न्यायाधीश दोन प्रकारे करतील. येथे तशी सोय ठेवलेली नाही. लालित्य या गद्यात नाही, पण शब्दाला शब्दाइतकेच वजन देण्याची जी शिस्त आहे, तिच्यापुढे पुष्कळ ललित गद्य सैल वाटेल.

दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे आहे. अहवालाचा जो सारांश राज्यकर्त्यांसाठी काढला जातो तो सदस्य-राष्ट्रांचे प्रतिनिधी ओळीओळीने वाचून मंजूर करतात. या पद्धतीवर टीका होते, आणि तिच्यात तथ्य आहे. राजकारण्यांच्या हातून गेलेल्या वाक्याची धार बोथट होण्याचा संभव असतोच. परंतु कायद्याच्या दृष्टीने पाहता त्यातून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. पक्षकाराने आपल्या हिताविरुद्ध केलेले विधान, म्हणजे कबुली, त्याच्याविरुद्ध वापरता येते हे पुराव्याच्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. ज्या सरकारांनी ओळनओळ वाचून संमती दिली, त्यांना उद्या ‘हे आम्हांस ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही. २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाविषयी जे सल्लामत दिले त्यात या मंडळाचे अहवाल हेच उपलब्ध असलेले सर्वोत्तम विज्ञान म्हणून आधाराला घेतले गेले, हे या संदर्भात स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

आता अहवालाच्या विधानांची परीक्षा तीन ठिकाणी करू. पहिले ठिकाण समुद्रावरच्या बर्फाचे. हा बर्फ पाण्यावर तरंगतच असल्यामुळे त्याच्या वितळण्याने समुद्राची पातळी फारशी बदलत नाही. पण जीवसृष्टीचा तो आधार आहे. १९७९ पासून उपग्रहांनी त्याचे क्षेत्र मोजले आहे. उत्तर ध्रुवाकडे हे क्षेत्र उघड घटत असता दक्षिणेकडे ते अनेक वर्षे किंचित वाढत राहिले, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दोन कोटी चौरस किलोमीटरांच्या वर गेले. २०१६ मध्ये ते एकाएकी घसरले. अहवालाने १९७९ ते २०१८ या काळाविषयी लिहिले की एकंदर क्षेत्रात संख्याशास्त्रदृष्ट्या लक्षणीय असा कल दिसत नाही. प्रदेशाप्रदेशांत परस्परविरोधी चिन्हे आहेत आणि वर्षावर्षांतील चढउतार मोठे आहेत.

हे विधान पूर्णपणे न्याय्य होते. दक्षिण गोलार्धाचे हवामान मुळातच चंचल आहे. त्याच्या चंचलतेचा एक धागा तर भारतात बसूनच सापडला: भारतीय वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात मोसमी पावसाचे भाकीत करता यावे म्हणून जगभरच्या वायुभाराच्या नोंदी जुळवीत होते, आणि त्यांतून पॅसिफिक व हिंदी महासागरांमधील वायुभाराचा जो झोका त्यांना आढळला त्याला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. त्यामागील कार्यकारणभाव त्यांना सांगता आला नव्हता; पॅसिफिकच्या पाण्याच्या तापमानाशी त्याची सांगड याकोब ब्येर्कनेस यांनी १९६९ साली घातली. हा झोका, ध्रुवाभोवती फिरणारे पश्चिमी वारे आणि ओझोनचे विवर या साऱ्यांचा परिणाम अंटार्क्टिकाभोवतीच्या बर्फावर होतो. अशा गुंतागुंतीत ‘कल दिसत नाही’ असे म्हणणे हेच सत्य होते.

परंतु या सत्याचा उपयोग कसा झाला? ‘दक्षिणेत बर्फ वाढतो आहे, मग तापमानवाढ कोठली?’ असा युक्तिवाद वर्षानुवर्षे ऐकू येत होता. ‘कल दिसत नाही’ या शब्दांचा अर्थ ‘काही घडत नाही’ असा केला जात होता. मग २०२३ साल उजाडले. फेब्रुवारीत तेथील बर्फाचे क्षेत्र १७.९ लाख चौरस किलोमीटरांवर आले, उपग्रह-नोंदींतील सर्वांत कमी. हिवाळ्यात ते पुन्हा पसरावयास हवे होते. पण सप्टेंबरात ते जेमतेम १ कोटी ६९.६ लाखांवर थांबले, आणि हिवाळी क्षेत्राच्या आधीच्या नीचांकाहूनही ते १० लाख चौरस किलोमीटरांनी कमी भरले. पुरावा नसणे म्हणजे निर्दोषत्व सिद्ध होणे नव्हे, हे कायद्याच्या पहिल्या वर्षीचा विद्यार्थी शिकतो. राज्यकर्त्यांना ते शिकवण्याचे काम अहवालाने केले नाही.

दुसरे ठिकाण जीवसृष्टीचे. दक्षिण महासागराच्या अन्नसाखळीचा कणा म्हणजे क्रिल, आपल्या सुंगटांच्या गोतातला बोटभर लांबीचा जीव. व्हेल, सील, पेंग्विन हे सारे त्याच्यावर जगतात, आणि त्याची पिल्ले हिवाळ्यात समुद्रबर्फाच्या खालच्या अंगास वाढणाऱ्या शेवाळावर जगतात. २००४ साली अँगस ॲटकिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२६ पासूनच्या जाळ्यांच्या नोंदी एकत्र करून दाखवले की नैर्ऋत्य अटलांटिकमधील क्रिलची दाटी १९७० च्या दशकापासून घटली आहे. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने जवळजवळ त्याच नोंदी वेगळ्या संख्याशास्त्रीय रीतीने तपासल्या आणि घट झाल्याचा पुरावा नाही असे म्हटले. २०१९ मध्ये पहिल्या गटाने उत्तर दिले की क्रिलची वस्ती दक्षिणेकडे, ध्रुवाच्या दिशेने आक्रसत आहे. कागदपत्रे तीच आणि तज्ज्ञांची मते दोन, हा प्रसंग आम्हां वकिलांना नवा नाही. अहवालाने हा वाद लपवला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदले पाहिजे.

सम्राट पेंग्विनची गोष्ट मात्र अधिक उघड आहे. हे पक्षी किनाऱ्याला चिकटलेल्या समुद्रबर्फावर अंडी घालतात. पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसे फुटेपर्यंत तो बर्फ टिकावा लागतो. २०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउझेन समुद्रातील पाच वसाहतींपैकी चार वसाहतींच्या पायाखालचा बर्फ त्याआधीच फुटला. २०२३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रांवरून जो निष्कर्ष काढला तो असा की त्या चार वसाहतींत त्या वर्षी एकही पिल्लू वाचले नसावे. संख्याशास्त्रदृष्ट्या हे एकच वर्ष आहे, कल नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु त्या पिल्लांच्या दृष्टीने ते एकच वर्ष होते.

तिसरे ठिकाण समुद्राच्या पातळीचे, आणि अहवालावरचा आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. २००७ ते २०१६ या काळात अंटार्क्टिकाच्या हिमचादरीची घट आधीच्या दशकाच्या तिप्पट झाली असे अहवाल सांगतो. पुढे तो म्हणतो की उत्सर्जन अनिर्बंध चालू राहिले तर २१०० पर्यंत समुद्र ०.८४ मीटरने चढेल आणि त्याची संभवनीय मर्यादा ०.६१ ते १.१० मीटर राहील. उत्सर्जन कसोशीने रोखले तर चढ ०.४३ मीटर होईल. हे आकडे वृत्तपत्रांत गेले, नियोजनाच्या कागदांत शिरले आणि १.१० मीटर ही जणू परमावधी आहे अशी समजूत झाली. पण ‘संभवनीय’ या शब्दाची अहवालाने केलेली व्याख्या आठवावी. शंभरांत ६६ म्हणजे तीन वाटांपैकी दोन. तिसरी वाट या मर्यादेच्या बाहेर आहे. पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्ससारख्या हिमनद्या समुद्रसपाटीखालच्या खडकावर टेकलेल्या आहेत. खालून उष्ण पाणी शिरले तर त्यांची माघार आपल्याच वेगाने वाढत जाण्याचे भय आहे. ते किती लवकर घडेल याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही, म्हणून ते त्या आकड्यात पुरतेपणी बसलेले नाही. २०२१ मध्ये याच मंडळाने पुढच्या अहवालात स्पष्ट लिहिले की अतिशय जास्त उत्सर्जन झाल्यास २१०० पर्यंत दोन मीटरांच्या जवळपासची वाढ नाकारता येत नाही, जरी त्या आकड्यावरचा भरवसा अल्प आहे. २०१९ च्या सारांशाने जी गोष्ट ठळक अक्षरांत मांडावयास हवी होती ती वाक्याच्या कडेला ठेवली.

ज्यांनी गोव्याची खाजने पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की खाडीकाठची ही भातजमीन भरतीच्या पातळीहून खोलगट असते. मातीचे बांध आणि ‘मानस’ नावाची पाण्याची दारे यांच्या आधारे गावकऱ्यांनी ती शतकानुशतके राखली आहे. हा बांध सरासरी भरती पाहून कोणी घालीत नाही. उधाण पाहून घालतात. ‘तीनपैकी दोन वेळा पाणी आत येणार नाही’ अशा बांधाला गावात कोणी बांध म्हणणार नाही. अहवालाचेच दुसरे एक विधान असे की समुद्राची जी उंच पातळी पूर्वी शंभर वर्षांतून एकदा गाठली जाई ती २०५० पर्यंत पुष्कळ ठिकाणी, विशेषतः उष्ण कटिबंधात, दरवर्षी निदान एकदा गाठली जाईल, आणि ही गोष्ट उत्सर्जनाच्या सर्व गृहीतांखाली खरी आहे. ज्या ग्रंथात हे वाक्य आहे, त्याने आपल्या मधल्या आकड्याला इतकी ठळक जागा द्यावी आणि टोकाच्या धोक्याला इतकी अरुंद, हे आम्हांस खटकते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संशय उरला तर त्याचा लाभ कोणाला द्यावा? फौजदारी न्यायात तो आरोपीला मिळतो, आणि ते योग्यच आहे. कारण तेथे एका बाजूला सारे राज्य आणि दुसऱ्या बाजूला एकटा माणूस असतो, आणि चूक झालीच तर ती त्या माणसाच्या बाजूने व्हावी असा सभ्य समाजाचा निर्णय आहे. परंतु धूर सोडणारी यंत्रे आरोपीच्या पिंजऱ्यातील एकटी माणसे नव्हेत. येथे दुबळा पक्ष समोरचा आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात ‘सिद्ध’ या शब्दाची जी व्याख्या होती आणि जी १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही पुढे चालवली, तिचा आशय असा की एखादी गोष्ट इतकी संभवनीय असावी की शहाण्या माणसाने ती आहे असे धरूनच वागावे. कायदा पूर्ण निश्चिती मागत नाही. तो शहाण्या माणसाचे वर्तन मागतो. अहवालाने ‘किती खात्री?’ या प्रश्नाचे उत्तर अप्रतिम दिले आहे. पण शहाण्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो: ‘इतक्या खात्रीवर हातावर हात ठेवून बसणे मला परवडेल काय?’ या दुसऱ्या प्रश्नाशी अहवाल आपली खात्रीची मापे जोडून दाखवीत नाही.

ही जोडणी अशक्य नाही. वेल्लोरच्या कातडी कारखान्यांच्या प्रकरणात १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व हा देशाच्या कायद्याचाच भाग होय असे ठरवले आणि आपले कृत्य निरुपद्रवी असल्याचे दाखवण्याचा भार ते करणाऱ्यावर टाकला. दक्षिण महासागरातील सजीव संपत्तीच्या रक्षणाचा जो करार १९८० मध्ये झाला, त्याच्या दुसऱ्या कलमातच असे तत्त्व आहे की दोन-तीन दशकांत पूर्ववत होणार नाहीत असे बदल टाळावेत. तत्त्व उत्तम, पण तेथे निर्णय सर्वानुमतेच होतात. नैर्ऋत्य अटलांटिकमध्ये क्रिलच्या मासेमारीवर ६,२०,००० टनांची मर्यादा आहे, आणि ती लहान लहान क्षेत्रांत वाटून देणाऱ्या नियमाला २०२४ मध्ये मुदतवाढ मिळू शकली नाही, कारण एकमत झाले नाही. संशयाचा लाभ जाळ्याला मिळाला.

तरी निराश होण्याचे कारण नाही. याच गोलार्धातला एक दाखला आमच्या बाजूचा आहे. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची घट जगापुढे मांडली. दोषी शीतकरणातील क्लोरिनयुक्त वायूच आहेत, याचा निर्णायक पुरावा गोळा करण्याचे काम चालू असतानाच १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे त्या वायूंना आवर घालणाऱ्या करारावर सह्या झाल्या. राष्ट्रांनी शहाण्या माणसासारखे वर्तन केले. तो आवर पुढे अधिक कडक होत गेला, आणि ते विवर २०६६ च्या सुमारास १९८० च्या स्थितीस येईल असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

विरुद्ध पक्षाचेही ऐकले पाहिजे. प्रत्येक शंकेपोटी कारखाने थांबवावयाचे ठरले तर गरीब देशांनी दिवे लावावेत कसे? हा आक्षेप पोकळ नाही. भारतातील माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. सावधगिरीचा सारा खर्च त्याच्या माथी मारणे हा अन्याय होईल. पण या आक्षेपाचे लक्ष्य सावधगिरीचे तत्त्व नसून खर्चाची वाटणी आहे. येथेच अहवालाचे दुसरे न्यून दिसते: त्याचे गद्य कर्ता गाळून लिहिलेले आहे. हिमचादरी ‘घटल्या’, महासागर ‘तापले’, ‘मानवी प्रभाव’ दिसला. कोणत्या मानवांचा? मंडळाने धोरणाला उपयोगी पडावे पण धोरण सांगू नये, अशी त्याला घातलेली अट आहे हे आम्ही जाणतो. तथापि आरोपीचे नाव नसलेले आरोपपत्र कितीही काटेकोर असले तरी त्यावर खटला उभा राहत नाही.

शेवटी आपल्या घरचे एक गाऱ्हाणे. या अहवालाची बातमी मराठीत येते तेव्हा त्यातील सर्व पायऱ्या एकाच शब्दात गडप होतात: ‘शक्यता’. उद्या पाऊस पडण्याची शक्यता, मंत्रिमंडळात फेरबदलाची शक्यता आणि किनारे बुडण्याची शक्यता, सारे एकाच पंक्तीला. शंभरांत ९९ इतकी खात्री आणि शंभरांत ३० इतका अंदाज यांना आपण एकच शब्द वापरतो, आणि मग विज्ञान नीट सांगत नाही अशी तक्रार करतो. ज्या भाषेच्या नैयायिकांनी प्रमाणांचे बारकावे शिकवले, त्या संस्कृतची कन्या असलेल्या मराठीला, आणि तिच्या कोंकणी बहिणीलाही, पाच पायऱ्यांसाठी पाच शब्द रूढ करणे जड जाऊ नये. ‘संभवनीय’, ‘अत्यंत संभवनीय’, ‘जवळजवळ निश्चित’ हे शब्द आम्ही वर योजिले आहेत. याहून चांगले कोणी सुचवील तर आनंदच आहे. वृत्तपत्रांनी ते एकाच अर्थाने वापरावेत, एवढीच विनंती.

एकूण निर्णय असा की पुराव्याचे मूल्यमापन म्हणून हा अहवाल अव्वल दर्जाचा आहे, आणि ज्याला विज्ञानाची सचोटी शब्दांत कशी उतरते हे पाहावयाचे असेल त्याने निदान त्याचा सारांश वाचावा. निवाडा म्हणून मात्र तो अपुरा आहे. कारण संशय मोजून दाखवला तरी त्या संशयाचे ओझे कोणी वाहावे हे तो सांगत नाही. ते सांगणे शास्त्रज्ञांचे काम नसेल तर ते न्यायालयांचे, विधिमंडळांचे आणि बांधाकाठी राहणाऱ्या आपणा सर्वांचे आहे. साक्ष पुरी नोंदवली गेली आहे. पुढच्या उधाणापूर्वी तिच्यावर निकाल व्हावा.